मल्लखांब ‘प्ले’ करतात की ‘डू’? बडोद्यातल्या एका मुलाखतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बडोद्यातल्या एका मराठी मुलीचं आहे. वय पंचविशीच्या आत. नाव, शाळा आणि ओळख पटेल असे बारकावे गाळले किंवा बदलले आहेत. तिच्याकडे शिकणारी पोरं तिला ताई म्हणतात, म्हणून इथंही ताईच म्हणू.

ताईचं घर दांडिया बाजारच्या बाजूला. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, मैत्रिणींशी दोन्हींची सरमिसळ. इंग्रजी तिला वाचता येतं आणि समोरचा काय म्हणतोय तेही कळतं, पण बोलायची वेळ आली की गाडी अडते. मल्लखांब मात्र शाळेत असल्यापासून अंगात मुरलेला. या शहराला त्याचं अप्रूप नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर ही जुनी तालीम आणि तिथले व्यायामगुरू राजरत्न प्रो. माणिकराव ही नावं इथल्या मराठी घरांत अजून आदरानं घेतली जातात. व्यायामाचा दहा खंडांचा मराठी कोश निघाला तोही बडोद्यातूनच.

२०२२ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेत झाल्या आणि त्यात मल्लखांब व योगासनं पहिल्यांदाच आली. तोवर ‘ते खांबावरचं’ एवढीच ओळख असलेल्या काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही मग ते आपल्याकडे हवंसं वाटू लागलं. अशाच एका शाळेनं शाळा सुटल्यानंतरच्या वर्गासाठी मल्लखांब आणि योग शिकवणारी व्यक्ती शोधायला घेतली. अटी तीन होत्या: इंग्रजीत मुलाखत, मुलांसमोर इंग्रजीत नमुना तास आणि पालकांना द्यायचं एक पानी माहितीपत्रक. ताईनं अर्ज केला.

मी इंग्रजी शिकवते, बहुतेक मोठ्या माणसांना. पहिली मुलाखत बिनसल्यावर ताईचे वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. दोनेक आठवड्यांनी शाळेनं तिला पुन्हा बोलावलं होतं.

अडचण

मुलाखतीत काय झालं ते ताईनं जवळजवळ शब्दशः सांगितलं. समोर तिघं होते. उपक्रमांचे प्रमुख दक्षिणेकडून नव्यानंच आलेले, मल्लखांब कधी न पाहिलेले. दुसऱ्या प्राथमिक विभागाच्या बाई आणि तिसरे गुजराती पीटी सर.

ताईनं सुरुवात केली, “आय ॲम प्लेइंग मल्लखांब सिन्स ट्वेल्व्ह इयर्स.” त्यावर प्रमुखांनी सरळ विचारलं, एका टीममध्ये किती प्लेयर असतात? ताई म्हणाली, टीम नसते, एकेकानं करायचं असतं. पुढच्याच वाक्यात ती म्हणाली, “इन कॉलेज वी वन सुरत.” म्हणजे सांघिक गुणांत सुरतेच्या संघाला हरवलं. प्रमुख गोंधळले, टीम नसते तर सुरतेशी खेळलं कोण? “आय प्लेड स्टेट, आय ऑल्सो प्लेड नॅशनल” यानं घोळ आणखी वाढला. रोजच्या सरावाबद्दल विचारलं तेव्हा तिला सांगायचं होतं की मी पंचवीस सूर्यनमस्कार घालते. ‘घालते’ला शब्द सुचेना. शेवटी तोंडून निघालं, “आय पुट ट्वेंटी-फाइव्ह सूर्यनमस्कार.”

हसण्यावारी नेता आलं असतं, पण माहितीपत्रकाचा मसुदा वाचून प्राथमिकच्या बाई गप्पच झाल्या. त्यात टांगत्या मल्लखांबाबद्दल लिहिलेलं वाक्य असं: “इन हँगिंग मल्लखांब चिल्ड्रन आर हँग्ड.” फाशीच्या शिक्षेबद्दल बोलताना इंग्रजीत ‘हँग्ड’ म्हणतात. खुंटीला कोट, भिंतीवर चित्र किंवा फांदीला झोका असेल तर ‘हंग’. ताईला यातलं काहीच म्हणायचं नव्हतं. टांगलेला असतो खांब. मुलं त्याला धरून, त्याला लपेटून असतात. पण पत्रक वाचणाऱ्या आईला हे कसं कळावं?

शाळेचा निरोप सभ्य होता: विषय रस वाटण्याजोगा आहे, पण नेमकं काय शिकवणार आणि ते कितपत सुरक्षित आहे हे स्पष्ट झालेलं नाही. पत्रक पुन्हा लिहून आणा, मग नमुना तास पाहू.

माझ्या मते अडचण ‘इंग्रजी कच्चं आहे’ ही नव्हती. ताईची बहुतेक वाक्यं समोरच्याला कळत होती, पण भलतीच कळत होती. ‘प्ले’ ऐकलं की ऐकणारा चेंडू, प्रतिस्पर्धी आणि गुणफलक मनात उभा करतो. पुढे कितीही नीट सांगितलं तरी ते तो त्याच चित्रात बसवत जातो.

समोर असलेले पर्याय

वडिलांचं म्हणणं होतं, “बाई, तिला उत्तरं लिहून द्या, पाठ करेल. पाठांतर जबरदस्त आहे तिचं.” हे खरंही होतं. पण पाठ केलेलं उत्तर पहिल्या उलटप्रश्नापर्यंतच टिकतं. शिवाय नमुना तासात समोर मुलं असणार, आणि मुलं पाठ केलेल्या क्रमानं कधीच वागत नाहीत.

दुसरा मार्ग व्याकरणाच्या पुस्तकांतला नेहमीचा: तीन रकान्यांचा तक्ता. चेंडूचे, पटावरचे आणि प्रतिस्पर्ध्याशी खेळायचे खेळ ‘प्ले’खाली, म्हणजे क्रिकेट, बॅडमिंटन, कॅरम, बुद्धिबळ, कबड्डी. व्यायाम, युद्धकला आणि एकट्यानं करायचे प्रकार ‘डू’खाली, म्हणजे योग, कराटे, ज्यूदो, जिम्नॅस्टिक्स, ॲथलेटिक्स. बाहेर पडून करायच्या आणि ‘इंग’ लागणाऱ्या गोष्टी ‘गो’खाली: स्विमिंग, सायकलिंग, जॉगिंग, ट्रेकिंग. तक्ता चांगलाच आहे, मी तो वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. पण ताईचा तास खांबावर व्हायचा होता आणि तक्त्यात खांब कुठंच नव्हता.

ताईचा धाकटा भाऊ म्हणाला, शाळेलाच विचार ना, हिंदीत तास घेऊ का? हा पर्याय मला वाटला त्यापेक्षा वजनदार होता. मुलांना हिंदी-गुजराती कळतंच. पण शाळेची अट लेखी होती आणि ती बदलून मागण्याएवढी ताईची बाजू पहिल्या मुलाखतीनंतर भक्कम राहिली नव्हती.

चौथा मार्ग म्हणजे खांबावर शरीर नेमकं काय करतं ते ताईनं आधी मराठीत सांगायचं आणि त्या एकेका हालचालीला इंग्रजी क्रियापद शोधायचं. याला वेळ लागतो आणि दोन आठवड्यांत सगळं आवरेल याची खात्री नव्हती. तरी आम्ही हाच धरला. तक्ता अर्ध्या पानात उरकायचा आणि पाठांतर फक्त पहिल्या दोन वाक्यांपुरतं ठेवायचं असं ठरलं.

काय केलं

आधी चुकांची वर्गवारी केली. ऐकणाऱ्याच्या मनात चुकीचं चित्र उभं करणाऱ्या चुका एका बाजूला आणि नुसत्या कानाला खटकणाऱ्या दुसऱ्या बाजूला. ‘सिन्स ट्वेल्व्ह इयर्स’च्या जागी ‘फॉर’ हवं, ‘आय केम सेकंड नंबर’मधला ‘नंबर’ जास्तीचा, ‘आय गो टू स्विमिंग’मधला ‘टू’ नको. हे सगळं दुसऱ्या ढिगात टाकलं. त्यामुळे कुणाचा गैरसमज होत नाही. बडोद्यात निम्मे लोक असंच बोलतात आणि त्यांचं काही अडत नाही. शिक्षकाला असं सोडून देणं जड जातं, पण दोन आठवड्यांत सगळंच दुरुस्त करायला गेलं तर काहीच बसत नाही.

मग ताईला मराठी क्रियापदं लिहायला लावली. तालमीत काय काय करता? तिची यादी वाचण्यासारखी होती. नमस्कार घालतो, जोर मारतो, बैठका काढतो, मुद्गल फिरवतो, कुस्ती लढतो आणि खेळतोही, लेझीम खेळतो, सूर मारतो, पोहायला जातो, उत्तरायणला पतंग उडवतो. लिहून झाल्यावर ती म्हणाली, “काकू, आपल्याकडे तर प्रत्येकाला वेगळंच आहे. मग इंग्रजीत तीन म्हणजे सोपंच की.” तोवर तिला वाटत होतं की इंग्रजी उगाच छळतं. आपणही ‘जोर खेळतो’ म्हणत नाही आणि ‘कॅरम मारतो’ही म्हणत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि भीती निम्म्यानं कमी झाली.

‘गो’ कुठं लावायचं हे तिनं स्वतःच काढलं. घराबाहेर पडून अंतर कापायचं असेल, किंवा निदान त्या कामासाठी मुद्दाम जायचं असेल तर ‘गो’. म्हणून ‘गो सायकलिंग’, पावागडला ‘गो ट्रेकिंग’. बॉक्सिंगलाही ‘इंग’ आहे, पण ‘गो बॉक्सिंग’ सहसा कुणी म्हणत नाही. आणि जिथं कृतीला स्वतःचं क्रियापद आहे तिथं या तिन्हींची गरजच नाही: ‘आय स्विम’, ‘आय रन’, ‘आय रेसल’, ‘वी फ्लाय काइट्स’. हा शेवटचा मुद्दा मला तक्त्यापेक्षा मोलाचा वाटतो. शिकणारा ‘डू’ आणि ‘गो’च्या पेचात अडकतो आणि साधं ‘आय स्विम एव्हरी मॉर्निंग’ त्याला सुचतच नाही.

*पहिला निर्णय: मल्लखांबाला काय लावायचं*

इथं आमचा वाद झाला. ताईचं म्हणणं, सगळे ‘मल्लखांब प्लेयर’ म्हणतात, वर्तमानपत्रातही तसंच येतं, मग ‘प्ले’ चूक कसं? मुद्दा बिनतोड होता. भारतातल्या इंग्रजीत ‘प्ले’ बराच पसरला आहे. होळी ‘प्ले’ करतात. बडोद्यात तर नवरात्रीत गरबाही ‘प्ले’च करतात, कारण गुजरातीत गरबा ‘रमतात’ आणि मराठीत आपण तो ‘खेळतो’. इथल्या कुणाला ‘आर यू प्लेइंग गरबा धिस इयर’ हे वाक्य खटकत नाही. मी ते दुरुस्तही करत नाही आणि करणाऱ्याचा मला थोडा रागच येतो.

पण गरबा काय असतो हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे क्रियापद कुठलंही लावा, चित्र बरोबरच उभं राहतं. मल्लखांब न पाहिलेल्या माणसाकडे चित्र नसतं. ते त्याला क्रियापदावरूनच रचावं लागतं. म्हणून ठरलं, पीटी सरांशी बोलताना ‘प्ले’ आला तरी हरकत नाही. पण प्रमुखांसमोर आणि पत्रकात पहिल्या उल्लेखाला ‘डू’.

‘परफॉर्म’चाही विचार झाला. ताईला तो भारदस्त वाटला. मला तो नको होता, कारण त्यानं प्रेक्षक, रंगमंच, कसरतीचा खेळ डोळ्यांसमोर येतो आणि शाळेला मुलांचा व्यायाम हवा होता. ‘प्रॅक्टिस’ योगाबरोबर छान बसतो, मल्लखांबाबरोबरही चालतो, पण सगळीकडे लावला तर मुलगी कायम तालमीच करतेय आणि प्रत्यक्ष काही होतच नाही असं वाटतं. शेवटी सुरुवातीची दोन वाक्यं अशी ठरली: “मल्लखांब इज अ काइंड ऑफ जिम्नॅस्टिक्स डन ऑन अ वुडन पोल ऑर अ रोप. आय हॅव डन इट फॉर ट्वेल्व्ह इयर्स अँड नाउ आय कोच चिल्ड्रन.” ‘जिम्नॅस्टिक्स’ हा शब्द वडिलांना रुचला नाही. “आपला तो मल्लखांब, त्यांचं ते जिम्नॅस्टिक,” असं ते दोनदा म्हणाले. इतिहास त्यांच्या बाजूनं आहे: दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला तो कुस्तीला पूरक म्हणून. पण न पाहिलेल्या माणसाला पहिल्या दहा सेकंदांत पकडायला काहीतरी ओळखीचं द्यावं लागतं. बाजीराव नंतर सांगता येतात.

*दुसरा निर्णय: जिंकणं आणि हरवणं*

‘वी वन सुरत’ ही चूक आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. मराठीत सामना जिंकतो आणि प्रतिस्पर्ध्याला हरवतो. दोन वेगळी क्रियापदं हाताशी असूनही इंग्रजीत सगळं ‘विन’वर ढकलतो. यासाठी वडिलांचा उपयोग झाला, कारण त्यांना रणजीचे आकडे तोंडपाठ आहेत. १९४६-४७ चा अंतिम सामना, बडोदा विरुद्ध इंदूरचा होळकर संघ. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या गड्यासाठी ५७७ ची भागी, बडोद्याचा एक डाव आणि ४०९ धावांनी विजय. एवढ्या एका सामन्यात सगळी क्रियापदं सापडली. बडोद्यानं होळकरांना ‘बीट’ केलं. रणजी करंडक ‘वन’. होळकर बडोद्याशी ‘लॉस्ट टू बडोदा’. हजाऱ्यांनी २८८ ‘मेड’ किंवा ‘स्कोअर्ड’. दोघांनी मिळून ५७७ ‘पुट ऑन’. वडील म्हणाले, एवढं इंग्रजी तर कॉमेंट्री ऐकून मलाही येतं, आणि त्यांना खरंच येत होतं.

ताईच्या बाबतीत मात्र ‘बीट’ची गरज क्वचितच पडणार होती. मल्लखांबात समोरासमोर कुणी नसतं; पंच गुण देतात. म्हणून ‘आय प्लेड नॅशनल’च्या जागी “आय कॉम्पीटेड ॲट द नॅशनल्स”, आणि क्रमांकासाठी “आय केम थर्ड”. सुरतेची गोष्ट अशी झाली: “अवर कॉलेज टीम स्कोअर्ड मोअर पॉइंट्स दॅन सुरत.” यात टीम आहे, प्रतिस्पर्धी आहे, तरी कुणी कुणाशी भिडत नाही. वाक्य जरा लांबलं, पण आता प्रश्न उरत नव्हता.

*तिसरा निर्णय: आज्ञा कोणत्या भाषेत*

खरी मेहनत इथं झाली आणि या प्रकरणातला सर्वांत कामाचा भागही मला हाच वाटतो.

ताई शिकवताना मराठीत जे बोलते त्यात दोन शब्द सतत येतात: पकड आणि सोड. इंग्रजीत तिनं त्यांचं ‘कॅच’ आणि ‘लीव्ह’ केलं होतं. आपण सगळेच करतो. बसमध्ये दांडी ‘कॅच’ करतो आणि मुलाचा हात ‘कॅच’ करून रस्ता ओलांडतो. पण ‘कॅच’ म्हणजे हलती वस्तू झेलणं किंवा पळणाऱ्याला गाठणं. स्थिर वस्तू हातात ठेवणं हे ‘होल्ड’ आणि घट्ट आवळून धरणं हे ‘ग्रिप’. मल्लखांबात तर सगळा खेळच आवळण्याचा. एरंडेल लावलेल्या खांबावर मांड्यांची पकड सुटली की माणूस घसरतोच.

‘लीव्ह’चं काय होतं ते पाहायला शेजारच्या इंग्रजी शाळेतला एक मुलगा तालमीत नेला. दहा-अकरा वर्षांचा, दोरीवर थोडाफार सराव असलेला. खाली जाड गादी, उंची कमरेएवढीच. ताईनं त्याला पायांची आढी घालायला लावली. आढी नीट बसल्यावर डावा हात सोडून फक्त उजव्या हातावर आणि पायांवर राहायचं होतं. ती म्हणाली, “नाउ लीव्ह द रोप, लेफ्ट हँड.” मुलानं पहिलं अर्धं वाक्य ऐकलं, आढी मोकळी केली, दोन्ही हात काढले, गादीवर उतरला आणि दोरीपासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. वर ताईकडे पाहून विचारलं, “डन?” त्याच्या लेखी त्यानं सांगितल्याबरहुकूमच केलं होतं. ‘लीव्ह द रोप’ म्हणजे दोरी सोडून निघून जा.

कमरेएवढ्या उंचीवर हे गमतीचं होतं. दोन मीटरवर ते गमतीचं राहिलं नसतं. ताई त्यानंतर बराच वेळ काही बोलली नाही आणि मग स्वतःच म्हणाली की पत्रक उद्या, आधी हे करू.

पर्याय दोन होते. सगळ्या आज्ञा मराठीत ठेवायच्या आणि मुलांना त्या शिकवायच्या; कराटेच्या वर्गात मुलं जपानी शब्द शिकतातच. किंवा सगळं इंग्रजीत आणायचं. आम्ही विभागणी केली. उड्यांची आणि पकडींची नावं मराठीतच: सलामी, आढी, तिढी, दसरंग, फरारा, झेप. त्यांना इंग्रजी प्रतिशब्द शोधायचा नाही, कारण ती नावंच आहेत आणि मुलांना नवी नावं आवडतात. पण शरीराला द्यायच्या आज्ञा, ज्यांवर मूल क्षणात हालचाल करतं, त्या इंग्रजीत आणि मोजक्या. ग्रिप. होल्ड. लेट गो. स्लाइड डाउन. लँड. शिवाय नियम असा की ‘लेट गो’च्या आधी अवयवाचं नाव यायला हवं: “लेफ्ट हँड, लेट गो.” क्रियापद शेवटी. मुलगा वाक्य अर्धं ऐकून हालणार हे आता माहीत होतं, मग अर्ध्या वाक्यात काय असेल ते आपण ठरवायचं. योगायोगानं हा क्रम मराठीसारखाच झाला (‘डावा हात सोड’) आणि ताईच्या जिभेवर लगेच बसला.

*पत्रक*

आज्ञा ठरल्यावर पत्रक पटकन झालं. “चिल्ड्रन आर हँग्ड” गेलं आणि त्याजागी आलं, “इन द हँगिंग टाइप द पोल हँग्ज फ्रॉम अ चेन, चिल्ड्रन होल्ड इट विथ देअर लेग्ज अँड हँड्स.” मसुद्यात “चिल्ड्रन विल प्ले ऑन द पोल” असंही एक वाक्य होतं. बागेतल्या घसरगुंडीवरचा दंगा डोळ्यांसमोर यावा असं. तिथं “ट्रेन” आलं. ‘स्पॉट’ हे जिम्नॅस्टिक्समधलं नेमकं क्रियापद, म्हणजे पडू नये म्हणून आधाराला बाजूला उभं राहणं. ताईला ते फार आवडलं, पण पालकांना कळेलच असं नाही, म्हणून पत्रकात “द कोच स्टँड्स नेक्स्ट टू ईच चाइल्ड अँड सपोर्ट्स देम” असं साधं लिहिलं.

एका वाक्यावर घरात मतभेद झाले. पत्रकात “इफ अ चाइल्ड स्लिप्स, देअर इज अ थिक मॅट बिलो” असं होतं. वडिलांना ते काढायचं होतं. कशाला पडण्याचा विषय काढायचा? ताई अडून बसली. घसरणं होतंच, आईबापांना ते आपल्याकडून कळलेलं बरं. वाक्य राहिलं. ‘फॉल’च्या जागी ‘स्लिप’ हा बदल मात्र वडिलांच्या समाधानासाठी केला, आणि वस्तुस्थितीही तीच आहे; नवशिकं मूल खांबावरून कोसळत नाही, घसरत खाली येतं.

निकाल

दुसऱ्या भेटीत प्रमुखांनी टीमबद्दल विचारलं नाही. त्यांनी विचारलं, खांबाला तेल कशासाठी आणि किती वर्षांच्या मुलापासून सुरू करता येतं. ताईच्या मते मुलाखत तिथंच वळली. उत्तरं देताना ती दोन-तीनदा अडखळली. एकदा “आय प्लेड नॅशनल” पुन्हा निघून गेलं. पीटी सरांनी मान डोलावली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नमुना तासाला शाळेत खांब नव्हता, म्हणून दोरीच बांधली. पाच आज्ञा पुरल्या. एका मुलीनं “लेट गो” ऐकून हात सोडायला नकार दिला, घाबरली होती. त्या क्षणी ताई सरळ गुजरातीत बोलली आणि मुलगी शांत झाली. प्राथमिकच्या बाईंनी नंतर याबद्दल चांगलंच बोलल्याचं कळलं. म्हणजे इंग्रजीची अट जेवढी कडक वाटली होती तेवढी ती नव्हती.

कायमची नेमणूक झाली नाही. एका सत्रासाठी, आठवड्यातून दोन दिवस, फक्त मल्लखांब. योगाचा वर्ग दुसऱ्या कुणाला गेला. पत्रक शाळेनं जवळजवळ जसंच्या तसं छापलं, फक्त वर ठळक अक्षरांत स्वतःचं शीर्षक घातलं: “कम, प्ले मल्लखांब!” ताईनं मला फोन करून विचारलं, सांगू का बदलायला? नको म्हटलं. खालच्या चार ओळी वाचणाऱ्याला काय ते कळणारच होतं.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

क्रम उलटा लावावा. आम्ही मुलाखतीच्या वाक्यांपासून सुरुवात केली आणि आज्ञांकडे शेवटी आलो. ज्या क्रियापदांवर मुलाचा तोल अवलंबून आहे ती पहिल्याच दिवशी, खऱ्या मुलासमोर, कमी उंचीवर तपासायला हवीत. टेबलाशी बसून ‘लीव्ह’मधला धोका ताईला दिसला नव्हता. मी सांगितला असता तर तिनं वहीत लिहून घेतला असता, एवढंच.

शाळेला एक फोन आधी करायला हवा: तासात इतर भाषा थोडी चालेल का? भावाचा प्रश्न आम्ही फार लवकर बाजूला ठेवला. उत्तर ‘हो’ आलं असतं तर ताईवरचं ओझं बरंच हलकं झालं असतं आणि योगाच्या तयारीलाही वेळ उरला असता. तो वर्ग गेला त्यात तयारी कमी पडल्याचाही वाटा होता.

‘गो’चा रकाना या प्रकरणात वगळता आला असता. पोहणं, सायकल, पावागड यांचा तिच्या कामाशी संबंध नव्हता. अर्थात ‘आय स्विम’चा धडा त्याच वाटेनं मिळाला, म्हणून तो वेळ अगदीच वाया गेला असं मी म्हणणार नाही. पत्रक छापायला जाण्याआधी मल्लखांब न पाहिलेल्या एखाद्या पालकाला वाचायला द्यायला हवं होतं. ते तिघांनी वाचलं आणि तिघांनाही खांब आधीच ठाऊक होता.

पुढच्या सत्रात टांगता मल्लखांब सुरू करायचा विचार आहे. तिथं खांब स्वतः गोल फिरतो आणि झुलतोही, त्यामुळे ‘स्पिन’, ‘स्विंग’ आणि ‘टर्न’ यांत मुलांचा गोंधळ होणार असं ताईचं म्हणणं आहे. ‘टर्न’ कुणी करायचं, खांबानं की मुलानं, हे आज्ञेतच स्पष्ट असायला हवं. या शनिवारी तोच शेजारचा मुलगा पुन्हा तालमीत येणार आहे.